ॲनॅटमी-फिजिओलॉजीचा पहिला महिना: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), कुठल्याही कोर्सला प्रवेश घ्या, पहिल्या वर्षी ॲनॅटमी आणि फिजिओलॉजी समोर येतातच. बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीला, त्यांनाच रचना शारीर आणि क्रिया शारीर म्हणतात. शाळेत 'मूत्रपिंड' शिकलेल्या मुलामुलींच्या कानावर पहिल्याच आठवड्यात रीनल, नेफ्रॉन, रेट्रोपेरिटोनिअल असे शब्द आदळतात आणि घाबरून पाठांतर सुरू होतं. ते बहुधा २०६ हाडांपासून, कारण पुस्तकात तो धडा आधी असतो आणि मोजता येणारी गोष्ट सोपी वाटते.

मला ही सुरुवात उलटी वाटते. हाडाचं नाव पाठ होतं, पण ते कशाच्या वर, कशाच्या आत, कोणत्या बाजूला हे सांगता येत नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात. आधी जागा सांगायला शिका, मग शब्द फोडायला, मग अवयवांकडे वळा. हाडं त्या ओघात निम्मी-अधिक आपोआप लक्षात राहतात.

पहिली पायरी: उभे राहा

खरोखरच उभे राहा. ताठ, नजर समोर, पाय एकमेकांजवळ, हात शरीराच्या बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे केलेले. याला ॲनॅटॉमिकल पोझिशन म्हणतात. रुग्ण पालथा झोपलेला असो की खुर्चीत बसलेला, त्याच्या शरीराचं वर्णन करताना तो असाच उभा आहे असं धरायचं. म्हणून झोपलेल्या माणसाचंही डोकं 'वर'च असतं आणि त्याची पाठ गादीला टेकली असली तरी ती 'मागे'च असते.

तळवे पुढे का, हा प्रश्न पडला पाहिजे. मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूला रेडियस, करंगळीच्या बाजूला अल्ना. तळवा पुढे असताना ती एकमेकांना समांतर राहतात. आता तळवा मागे फिरवा: रेडियस अल्नावरून आडवं जातं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून हे करून पाहिलंत तर हाड फिरताना बोटांना जाणवतं. तळवे कसे आहेत हे ठरलेलंच नसेल तर 'बाहेरचं हाड कोणतं' या प्रश्नाला दोन उत्तरं येतील.

याच पायरीवर एक सवय लावून घ्या. डावं आणि उजवं नेहमी रुग्णाचं असतं. पुस्तकातलं चित्र तुमच्याकडे तोंड करून उभं असतं, त्यामुळे त्याचं यकृत पानाच्या डाव्या बाजूला दिसतं, पण ते उजवीकडेच आहे. एक्स-रे पाहतानाही तसंच. फिल्मवर 'आर' किंवा 'एल' अशी खूण असते, ती आधी शोधायची, मग बाकीचं. सीटी स्कॅनचे आडवे काप तर रुग्णाच्या पायांकडून वर पाहिल्यासारखे मांडतात, म्हणून तिथेही यकृत पडद्याच्या डाव्या हाताला येतं. पहिल्या दिवसापासून 'रुग्णाचं उजवं' असं मनात म्हणत राहिलात तर पुढे वॉर्डात चुकीच्या पायाला पट्टी बांधली जाणार नाही.

दुसरी पायरी: दिशांच्या जोड्या

दिशा सांगणारे शब्द जोडीने शिकायचे, सुटे नाहीत.

सुपीरिअर म्हणजे डोक्याकडे, इन्फीरिअर म्हणजे पायांकडे. अँटीरिअर पुढे, पोस्टीरिअर मागे. मीडियल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडे, लॅटरल म्हणजे तिच्यापासून दूर. सुपरफिशिअल म्हणजे कातडीजवळ, डीप म्हणजे खोल. आणि हातापायांसाठी खास जोडी: प्रॉक्सिमल म्हणजे हात किंवा पाय जिथे धडाला जोडला आहे त्या बाजूला जवळ, डिस्टल म्हणजे तिथून लांब.

हे सगळे शब्द तुलनेचे आहेत, इथे बरेच जण अडखळतात. 'कोपर प्रॉक्सिमल आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोपर मनगटापेक्षा प्रॉक्सिमल, पण खांद्यापेक्षा डिस्टल. नाक डोळ्यापेक्षा मीडियल, कान डोळ्यापेक्षा लॅटरल. 'कशापेक्षा' हा शब्द वाक्यात नसेल तर वाक्य पूर्ण झालं नाही असं समजा. रोज स्वतःच्या शरीरावर बोट ठेवून अशी पाच-सहा वाक्यं मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

आता याचा उपयोग कुठे होतो ते बघू, कारण उपयोग कळल्याशिवाय हे शब्द डोक्यात टिकत नाहीत. बाळांच्या लसीकरणाचं सरकारी वेळापत्रक घ्या. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची) लस कुठे द्यायची, तर डाव्या मांडीच्या मध्यावर, अँटीरोलॅटरल बाजूला, इंट्रामस्क्युलर, म्हणजे स्नायूत. शब्द फोडा. अँटीरो म्हणजे पुढे, लॅटरल म्हणजे बाहेरच्या बाजूला: मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग. तिथेच का? मांडीच्या आतल्या बाजूने मोठ्या रक्तवाहिन्या खाली जातात, मागून सायटिक नर्व्ह जाते. पुढे-बाहेर व्हॅस्टस लॅटरॅलिस हा जाड स्नायू आहे, लहान बाळातही तो चांगला भरलेला असतो आणि जवळपास इजा होईल असं मोठं काही नसतं. एका शब्दात जागाही सांगितली आणि धोकाही टाळला.

त्याच वेळापत्रकात बीसीजी (क्षयरोगाची लस) डाव्या दंडावर इंट्राडर्मल आहे आणि एमआर (गोवर-रुबेलाची लस) उजव्या दंडावर सबक्युटेनिअस. इंट्रा म्हणजे आत, डर्मिस म्हणजे कातडीचा खालचा थर, म्हणजे लस कातडीच्या जाडीतच सोडायची. सुई जवळजवळ आडवी धरली आणि बरोबर जागी गेली की तिथे बारीक फोडासारखा उंचवटा येतो. सब म्हणजे खाली, क्युटिस म्हणजे कातडी: कातडीखालच्या चरबीच्या थरात. इंट्रामस्क्युलरला मात्र सुई सरळ, काटकोनात, कारण कातडी आणि चरबी ओलांडून स्नायूपर्यंत पोचायचं आहे. सुपरफिशिअल ते डीप हा क्रम इथे सुईच्या कोनातून दिसतो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल. तो कातडीत आहे, खालच्या स्नायूत नाही. चिमटीत धरून पाहा, कातडीबरोबर हलतो.

कापांची नावं इथेच उरकून टाकू. शरीराचे डावा-उजवा भाग करणारा उभा काप सॅजायटल, पुढचा-मागचा भाग वेगळा करणारा उभा काप कोरोनल, आणि वरचा-खालचा वेगळा करणारा आडवा काप ट्रान्सव्हर्स. सुरुवातीला एवढं पुरतं.

हालचालींच्या शब्दांत एक जोडी फार सतावते: ॲबडक्शन आणि ॲडक्शन. हात शरीरापासून बाहेर नेणं ॲबडक्शन, परत शरीराकडे आणणं ॲडक्शन. दोन्ही कानाला सारखेच लागतात, म्हणून शिकवणारे मुद्दाम 'ए-बी-डक्शन' आणि 'ए-डी-डक्शन' असं म्हणतात. तुम्हीही तसंच म्हणा, त्यात कमीपणा नाही.

तिसरी पायरी: आपला 'हात' आणि पुस्तकातला 'आर्म'

मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच. ॲनॅटमीत मात्र आर्म म्हणजे फक्त खांदा ते कोपर, म्हणजे आपला दंड. कोपर ते मनगट फोरआर्म. मनगटाच्या पुढे हँड. पायाचंही तसंच: मांडी म्हणजे थाय, गुडघा ते घोटा एवढाच भाग लेग, त्याखाली फूट. पुस्तकात 'लेगचे स्नायू' असं वाचून मांडीचे स्नायू लिहिणारे दरवर्षी सापडतात आणि मार्क घालवतात.

मराठी शब्द टाकून देऊ नका. पोटरी, नडगी, खुबा, बरगडी, माकडहाड, पानथरी हे शब्द नेमके आहेत आणि रुग्ण तेच वापरणार. नडगी म्हणजे टिबियाची (गुडघ्याखालच्या मोठ्या हाडाची) पुढची धार, जिथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये स्नायू जवळजवळ नाही. म्हणूनच तिथे टेबलाचा कोपरा लागला की डोळ्यांत पाणी येतं. वहीत दोन रकाने करा, एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला.

पण काही शब्द सैल आहेत, तिथे विचारून खात्री करावी लागते. 'पोट' म्हणजे बरगड्यांखालचा पूर्ण भागही आणि जठरही. 'कंबर दुखते' म्हणणाऱ्या बाईचा हात कधी पाठीच्या खालच्या भागावर जातो, कधी खुब्यावर. 'जांघ' मराठी माणसासाठी मांडी आणि पोट मिळतात ती जागा. हिंदी बोलणाऱ्या रुग्णासाठी ती अख्खी मांडी. मुंबई, ठाणे, नागपूरच्या वॉर्डात दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे हा घोळ रोजचा आहे. उपाय एकच: 'एका बोटाने दाखवा' म्हणायचं, आणि केसपेपरवर ॲनॅटमीच्या शब्दांत लिहायचं.

पोटापुरतं लिहिण्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेषा काढली की चार क्वाड्रंट होतात. उजवा वरचा: यकृत, पित्ताशय. डावा वरचा: पानथरी, जठराचा मोठा भाग. उजवा खालचा: अपेंडिक्स. डावा खालचा: मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग, सिग्मॉइड कोलन. यापेक्षा बारीक अशी नऊ भागांची मांडणीही आहे, ती परीक्षेसाठी लागते. वॉर्डात चारांवरच बहुतेक काम भागतं.

चौथी पायरी: लांबलचक शब्द फोडणं

वैद्यकीय शब्दांचे तुकडे बहुतेक ग्रीक आणि लॅटिनमधून आलेले आहेत आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात. सुरुवातीला शंभर-दीडशे तुकडे आले तरी हजारो शब्दांचा अंदाज बांधता येतो.

अवयवांचे तुकडे: कार्डि हृदयाचा, हेपॅट यकृताचा, नेफ्र मूत्रपिंडाचा, गॅस्ट्र जठराचा, ऑस्टिओ हाडाचा, मायो स्नायूचा, हीम किंवा हिमॅट रक्ताचा. पुढे लागणारे: टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे संथ, हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी किंवा खाली. शेवटी लागणारे: आयटिस म्हणजे दाह, एमिया म्हणजे रक्तातलं, युरिया म्हणजे लघवीतलं. आता हेपॅटायटिस, टॅकिकार्डिया, हिमॅच्युरिया हे शब्द न पाठ करता उलगडतात.

शस्त्रक्रियांच्या शेपट्या नीट ऐका. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, जसं अपेंडिसेक्टॉमी. ऑटॉमी म्हणजे कापून उघडणं, जसं लॅपरॉटॉमी, म्हणजे पोट उघडणं. ऑस्टॉमी म्हणजे बाहेर उघडणारं तोंड तयार करणं, जसं कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढणं. एका अक्षराच्या फरकाने रुग्णाच्या पुढच्या काळजीचा सगळा बेत बदलतो, कारण कोलोस्टॉमीच्या रुग्णाला पिशवी सांभाळायला शिकवावं लागतं.

सगळ्यात धोकादायक जोडी हायपर आणि हायपो. फोनवर, गडबडीत, मास्कमधून ती सारखीच ऐकू येते. त्यात हायपोकॅलेमिया म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी आणि हायपोकॅल्सेमिया म्हणजे कॅल्शियम कमी, म्हणजे आणखी एक फसवी जोडी. पोटॅशियमची नेहमीची पातळी लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट. ती खूप वाढली किंवा खूप घसरली तर हृदयाची लय बिघडते. म्हणून निरोप देताना नुसता शब्द सांगू नये, आकडा सांगावा आणि ऐकणाऱ्याकडून तो परत म्हणवून घ्यावा.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी खास इशारा: आपली लिपी उच्चार धरते, स्पेलिंग नाही. त्यामुळे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि खुब्याच्या हाडाचा वरचा पसरट भाग, दोन्ही आपण 'इलियम' असेच लिहितो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिसरं अक्षर आतड्यासाठी 'ई' आहे, हाडासाठी 'आय'. युरेटर ही मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी, प्रत्येक बाजूला एक. युरेथ्रा ही मूत्राशयातून बाहेर नेणारी, एकच. नोट्स मराठीत काढा, जरूर काढा, पण अशा जोड्यांसमोर इंग्रजी स्पेलिंग लिहून ठेवा.

पाचवी पायरी: पेशीपासून शरीरापर्यंत, थोडक्यात

पेशी मिळून ऊती, ऊती मिळून अवयव, अवयव मिळून संस्था. ऊती चारच प्रकारच्या: आवरण घालणाऱ्या, जोडणाऱ्या, स्नायूंच्या आणि चेतांच्या. रक्त कुठल्या प्रकारात येतं हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. उत्तर: जोडणाऱ्या ऊतीत, म्हणजे कनेक्टिव्ह टिश्यूत, हाड आणि चरबीच्या पंगतीत. कारण रक्तातही पेशी सुट्या असतात आणि त्यांच्यामध्ये भरपूर पदार्थ असतो, फक्त तो द्रव असतो.

सहावी पायरी: फिजिओलॉजीत शिरताना

ॲनॅटमी कुठे आणि कसं हे सांगते, फिजिओलॉजी काय चाललंय आणि का हे सांगते. या दुसऱ्या विषयाचा गाभा होमिओस्टॅसिस. शरीराबाहेर काहीही बदललं तरी पेशींभोवतालचं द्रव जवळपास एकाच स्थितीत ठेवणं, ही ती कल्पना. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात ती मांडली, आणि अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये तिला हे नाव दिलं.

हे घडतं मुख्यतः निगेटिव्ह फीडबॅकने. 'निगेटिव्ह' ऐकून काहीतरी वाईट असावं असं वाटतं, तसं नाही. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो: पाणी चढलं की तो पाणी बंद करतो, उतरलं की सोडतो. वाढ झाली तर ती वाढच स्वतःला थांबवते. जेवणानंतर रक्तातली साखर चढते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं, साखर पेशींत जाते आणि पातळी उतरते. उपाशीपोटी ती घसरू लागली की स्वादुपिंडाचंच दुसरं संप्रेरक, ग्लुकॅगॉन, यकृतातला साठा मोकळा करतं. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण ७० ते १०० मिलिग्रॅमच्या पट्ट्यात राहते, ती या ओढाताणीमुळे. मधुमेह शिकताना मग वेगळं पाठ करायला फारसं उरत नाही, साखळीतला कोणता दुवा तुटला एवढंच पाहायचं.

पॉझिटिव्ह फीडबॅक शरीरात मोजक्याच ठिकाणी आढळतो आणि त्याला नेहमी शेवट असतो. बाळंतपणाच्या कळा हे त्याचं ठळक उदाहरण. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या मुखावर दाब देतं, त्याने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, त्याने कळा वाढतात, त्याने दाब वाढतो. बाळ बाहेर आलं की चक्र थांबतं.

आकड्यांची भीती घालवायची असेल तर पाण्यापासून सुरुवात करा. ७० किलोच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ६० टक्के पाणी, म्हणजे ४२ लिटर. त्यातलं दोन तृतीयांश, २८ लिटर, पेशींच्या आत. उरलेलं १४ लिटर बाहेर, आणि त्यातलं प्लाझ्मा (रक्तद्रव) म्हणून वाहिन्यांत फिरणारं जेमतेम ३ लिटर. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. हा फरक टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते आणि चेतातंतूंचे संदेश याच फरकावर चालतात.

आता वॉर्डातली नॉर्मल सलाइनची बाटली हातात घ्या. तिच्यावर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. हा आकडा रक्तद्रवाच्या तीव्रतेशी जुळणारा आहे, म्हणून तांबड्या पेशी त्यात फुगत नाहीत आणि आक्रसतही नाहीत. शिरेतून साधं शुद्ध पाणी गेलं तर ते पेशींत शिरतं आणि पेशी फुटतात. ऑस्मोसिसचा धडा बाटलीवरच्या या आकड्यावरून समजून घेतला तर व्याख्या आपोआप सुचते.

सातवी पायरी: प्रत्येक अवयवाला चार प्रश्न

कुठे आहे, कसा आहे, काय करतो, बिघडला तर काय होतं. हे चार प्रश्न आणि त्यांतला संबंध. संबंध लागला नाही तर चार उत्तरं चार ठिकाणी पडून राहतात.

श्वासनलिका घ्या. छातीत ती दोन फाट्यांत विभागते. उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि अधिक उभा आहे. हृदय डावीकडे झुकलेलं असल्याने डाव्या फुप्फुसाला जागा कमी, त्याचे दोनच खंड, उजव्याचे तीन. हा झाला आकार. आता खेळताना लहान मुलाने शेंगदाणा ओढून घेतला तर तो बहुधा उजवीकडेच का जातो, हे कुणी सांगायला नको. डॉक्टर आधी उजव्या बाजूला कान का देतात तेही कळलं.

रक्ताभिसरणात एक व्याख्या पहिल्या दिवशीच सरळ करून घ्या. शाळेतून बरेच जण 'धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध' असं घेऊन येतात. व्याख्या दिशेची आहे: हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. पल्मोनरी आर्टरी हृदयापासून फुप्फुसांकडे जाते आणि तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं. 'अशुद्ध' हा शब्द तर सोडूनच द्या, रक्तात घाण काही नसते.

मग रक्ताच्या एका थेंबाबरोबर फिरा. उजवं एट्रियम (हृदयाचा वरचा कप्पा), उजवं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा), फुप्फुस, डावं एट्रियम, डावं व्हेंट्रिकल, ॲओर्टा (महाधमनी), सगळं शरीर, परत उजवं एट्रियम. डाव्या व्हेंट्रिकलची भिंत सगळ्यात जाड का, तर त्याला पूर्ण शरीरभर ढकलायचं असतं, उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७०-७२ ठोके, म्हणजे मिनिटाला ५ लिटर. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये अशाच हिशेबाने दाखवलं की एवढं रक्त शरीर क्षणोक्षणी नव्याने बनवू शकत नाही, तेच फिरत असलं पाहिजे. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या त्यांना दिसल्या नव्हत्या. त्या १६६१ मध्ये मार्चेल्लो मालपिगी यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

मूत्रपिंडाचा हिशेबही असाच करून पाहा. दोन्ही मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळतात, दिवसाला १८० लिटर. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. म्हणजे ९९ टक्के परत घेतलं जातं. दिवसभरात ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी म्हणजे ऑलिग्युरिया. लघवी मोजून लिहिण्याच्या चार्टचं महत्त्व या गुणाकारातून कळतं. नवख्यांना ते कंटाळवाणं काम वाटतं, पण मूत्रपिंड बिघडू लागल्याची खूण अनेकदा त्याच चार्टवर आधी दिसते.

आठवी पायरी: स्वतःच्या अंगावर शोधा

गळ्याखालच्या खळगीतून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली सरकवा. साधारण दोन-अडीच इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल. तो स्टर्नल अँगल. त्याला दुसरी बरगडी जोडलेली असते. छातीवर बरगड्या मोजायच्या त्या इथूनच, कारण पहिली बरगडी कॉलरबोनखाली लपलेली असल्याने हाताला नीट लागत नाही. इथून डावीकडे मोजत पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या फटीत या, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या काल्पनिक रेषेवर. हृदयाच्या टोकाचा ठोका तिथे जाणवायला हवा. लगेच सापडला नाही तर डाव्या कुशीवर किंचित वळा.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, म्हणजे लॅटरल बाजूला, रेडियल नाडी. ती आपल्या तर्जनी-मध्यमेने पाहायची, अंगठ्याने नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी घोटाळा करते. कोपराच्या पुढच्या घडीत मात्र धमनी मीडियल बाजूला सापडते, दंडाच्या स्नायूच्या ताठ दोरीच्या आतल्या बाजूला. बीपी मोजताना स्टेथोस्कोप तिथे ठेवतात.

कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे सगळ्यात वरचे बिंदू शोधून पाठीमागे त्यांना आडव्या रेषेने जोडा. ती साधारण कंबरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. पाठीत सुई टोचून पाणी काढतात किंवा भूल देतात ती याच्या आसपास, कारण मोठ्या माणसात मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपलेला असतो.

हाडं आता शिकायला घ्या. मधल्या अक्षाची (डोकं, कणा, छाती) ८०, हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या खांद्याच्या-खुब्याच्या पट्ट्यांची १२६. मणके मानेचे ७, छातीचे १२, कंबरेचे ५, मग एकत्र जुळलेलं सेक्रम आणि माकडहाड. बीएएमएसच्या मुलांना चरकसंहितेत ३६० आणि सुश्रुतसंहितेत ३०० हा आकडा भेटेल. दात आणि कूर्चांसारखे भाग त्या मोजणीत धरलेले आहेत, त्यामुळे २०६ शी त्याची थेट तुलना करून भांडत बसू नका. हाड हातात आलं की आधी बाजू ठरवा, डावं की उजवं. वरचं टोक, पुढचा पृष्ठभाग आणि मीडियल बाजू ओळखली की बाजू ठरते. इथे दुसऱ्या पायरीचे शब्द कामाला येतात.

डिसेक्शन हॉल

नर्सिंगला एखाद-दुसरी भेट असते, फिजिओथेरपी आणि बीएएमएसला नियमित तास. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावून जाऊ नका आणि उपाशी तर मुळीच नको. भोवळ आली तर बाहेर येऊन बसा, कुणी नावं ठेवत नाही. समोरचा देह बहुधा देहदानातून आलेला असतो, किंवा १९४९ च्या ॲनॅटमी कायद्याखाली बेवारस म्हणून मिळालेला. फोटो काढायचा नाही, चेष्टा करायची नाही, आणि काम झालं की देह झाकायचा. पुस्तकातल्या रंगीत चित्रात धमनी लाल, शीर निळी आणि नर्व्ह पिवळी असते; इथे सगळंच करडं-तपकिरी. बोटांमध्ये दाबून पाहा. धमनीची भिंत जाड आणि लवचीक लागते, शीर चपटी होते, नर्व्ह आत पोकळ नसलेल्या दोरीसारखी लागते.

परीक्षेतली आकृती

पेन्सिलीने, अर्ध्या पानाची, शेडिंगशिवाय. नावांच्या रेषा पट्टीने आणि शक्यतो एकाच बाजूला, एकमेकींना न छेदणाऱ्या. रेषेचं टोक अवयवाला टेकलेलं हवं, हवेत लोंबकळणारं नको. आकृतीखाली नाव, आणि ती पुढून पाहिलेली आहे, मागून की कापाची, हे लिहा. हृदय, मूत्रपिंडाचा उभा काप, नेफ्रॉन, चेतापेशी आणि कातडीचा काप या पाच आकृत्या पहिल्या महिन्यातच न बघता काढता येतील इतक्या वेळा काढा. हृदय काढताना उजवं व्हेंट्रिकल कागदाच्या डाव्या हाताला आलं आहे ना, हे शेवटी एकदा तपासा.